कोबोटूलबॉक्स: एमएसडब्ल्यू आणि एमपीएचच्या डिझर्टेशनसाठी किती कामाचं?

एमएसडब्ल्यू (समाजकार्य) किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) यांच्या शेवटच्या वर्षाचं डिझर्टेशन म्हटलं की आजही बऱ्याच कॉलेजांत तोच देखावा दिसतो. रबरबँड लावलेल्या दोनशे मुलाखत अनुसूच्या, सगळी उत्तरं एकत्र मांडायला चार्टपेपरवर आखलेला मास्टर चार्ट, आणि दोघीजणी शेजारी बसलेल्या: एक संकेतांक वाचतेय, दुसरी एक्सेलमध्ये भरतेय. कोबोटूलबॉक्स हे फोनवर सर्वेक्षण भरून घेण्याचं साधन हा टप्पाच काढून टाकतं. मुलाखत फोनवर भरली की ती थेट तक्त्यात जाऊन बसते. फुकट आहे, मराठी नीट दाखवतं आणि रेंज नसलेल्या पाड्यावरही चालतं. एवढ्यावर पाचपैकी साडेचार तारे सहज द्यावेत.

अर्धा तारा कापला तो मात्र गंभीर कारणासाठी. या साधनाने काम कमी होत नाही, ते आधीच्या टप्प्यावर सरकतं. कागदावर चुकलेला प्रश्न सारणीकरणाच्या वेळी सावरून घेता यायचा. मार्जिनमध्ये खरडलेलं असायचं, 'इतर'मधून नवा संकेतांक काढता यायचा. फोनवर चुकलेला प्रश्न दोनशे वेळा अगदी शिस्तीत चुकतो. आदल्या रात्री फॉर्म बनवून सकाळी वस्तीत जाणाऱ्यांनी कागदच वापरलेला बरा. फॉर्म बांधायला, तपासायला आणि पाच-दहा लोकांवर करून बघायला मिळून दहा दिवस हाताशी असतील, तरच पुढे वाचा.

हे नक्की आहे काय

मूळ काम हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधलं, युद्धग्रस्त आणि आपत्तीग्रस्त भागांतल्या सर्वेक्षणांसाठी केलेलं. आता ती वेगळी ना-नफा संस्था आहे. आतला पाया ओडीके या मुक्त प्रणालीचा, त्यामुळे एकदा शिकलेलं इतर ठिकाणीही चालतं. तीन भाग लक्षात ठेवा. वेबसाइटवर फॉर्म बांधायचा आणि माहिती बघायची. फोनवर भरायचं ते कोबोकलेक्ट या अ‍ॅपमध्ये, आणि हे फक्त अँड्रॉइडवर आहे. आयफोनवाल्यांनी ब्राउझरमधला वेब फॉर्म वापरायचा. त्याला एन्केटो म्हणतात. तोही एकदा उघडला की नेटशिवाय चालतो, पण ब्राउझरचा साठा साफ केला की न पाठवलेल्या मुलाखती त्याबरोबर जातात. फिल्डसाठी अ‍ॅपच बरं.

मोफत योजनेत दर महिन्याच्या नोंदींना मर्यादा आहे, पण ती हजारांत आहे. दोन-तीनशे मुलाखतींच्या डिझर्टेशनला ती आड येत नाही. आड येतात ते फोटो आणि ऑडिओ, कारण साठवणीची जागा वेगळी मोजली जाते. फोटो घ्यायचेच असतील तर प्रश्नाच्या सेटिंगमध्ये कमाल आकार १०२४ पिक्सेलवर बांधून टाका.

खातं उघडताना दोन सर्व्हर दिसतात, एक जागतिक आणि एक युरोपीय संघाचा. दोन्ही पूर्ण वेगळे आहेत. एकावर खातं आणि फोनमध्ये दुसऱ्याचा पत्ता, या एका कारणाने 'पासवर्ड चुकीचा आहे' हा निरोप येत राहतो आणि अख्खा ग्रुप अर्धा दिवस घालवतो. पत्ता हाताने टाइप करू नका. प्रोजेक्टच्या फॉर्म टॅबमध्ये अँड्रॉइडचा पर्याय निवडला की जो पत्ता दिसतो तो जसाच्या तसा उचला.

गूगल फॉर्म का नको, हा प्रश्न येतोच. गूगल फॉर्म लिंक पाठवून भरून घेण्यासाठी ठीक आहे. पण नेट लागतंच, पुढचे प्रश्न गाळण्याची सोय विभागापुरती आहे, आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली की ज्यांना वेळ आहे आणि जे तुमच्या ओळखीचे आहेत तेच उत्तर देतात. मग संशोधन पद्धतीच्या प्रकरणात 'सोयीस्कर नमुना' असं प्रामाणिकपणे लिहायचं सोडून 'यादृच्छिक' लिहिलं जातं आणि व्हायवाला परीक्षक तिथेच बोट ठेवतात. अर्थात कोबोचीही लिंक फिरवता येते, आणि फिरवली तर दोष तोच. घरोघर जाऊन निवडलेल्या क्रमांकाच्या दारावर टकटक करणं कुठलंच अ‍ॅप तुमच्यासाठी करत नाही.

मराठी फॉर्ममध्ये काय काय अडतं

पहिली अडचण फॉन्टची. गाईडने मंजूर केलेली अनुसूची बहुधा डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. ती कोबोत चिकटवली की अगम्य चिन्हांची रांग येते, कारण ते युनिकोड नसतं. फॉन्ट बदलून भागत नाही. कन्व्हर्टरमधून काढा किंवा सरळ गूगलच्या कीबोर्डने पुन्हा टाइप करा. कन्व्हर्टर वापरलात तर रफार, जोडाक्षरं आणि 'ष'-'श' एकेका ओळीत तपासा.

दुसरी अडचण जास्त महाग पडते. कोबोत प्रत्येक प्रश्नाची दोन रूपं असतात: उत्तरदात्याला वाचून दाखवायचं लेबल, आणि तक्त्याच्या रकान्याला मिळणारं आतलं नाव. इंग्रजी लेबल लिहिलं तर आतलं नाव त्यातूनच तयार होतं. मराठी लेबलमधून ते तयार होत नाही. मिळतात ते अंडरस्कोअर आणि ००१, ००२ असे निरर्थक क्रमांक. पर्यायांचंही तसंच. मग विश्लेषणाला बसल्यावर साठ रकाने समोर आणि कुठला कशाचा ते कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या सेटिंगमध्ये जाऊन रोमन लिपीत छोटं, अर्थ असलेलं नाव स्वतः द्या, आणि पर्यायांना १, २, ३ असे संकेतांक. हे काम फॉर्म प्रकाशित करण्याआधीच करा. नंतर नाव बदललं तर जुन्या मुलाखती जुन्या रकान्यात, नव्या नव्या रकान्यात, आणि दोन्ही जोडत बसायचं.

पंचवीसपेक्षा जास्त प्रश्न असतील तर वेबसाइटवर एकेक प्रश्न ओढण्यापेक्षा एक्सेलमध्ये फॉर्म लिहून चढवणं सोपं जातं. तीन पानं लागतात: प्रश्नांचं, पर्यायांचं आणि सेटिंगचं. 'होय, नाही, माहीत नाही' हा संच एकदाच लिहून तीस प्रश्नांना जोडता येतो. मराठी आणि इंग्रजी लेबल शेजारच्या दोन रकान्यांत ठेवता येतात, म्हणजे फिल्डवर मराठी आणि ब्लॅकबुकात (बांधून सादर केलेल्या डिझर्टेशनमध्ये) इंग्रजी, एकाच फॉर्ममधून. शिवाय ही एक्सेल फाइल गाईडला ईमेलने पाठवता येते, जे वेबसाइटवरच्या फॉर्मबद्दल सांगता येत नाही.

गाव, तालुका, जिल्हा कधीही टाइप करायला ठेवू नका. अहमदनगर, अहिल्यानगर, नगर, उस्मानाबाद, धाराशिव, औरंगाबाद, संभाजीनगर: लोक सगळी नावं वापरतात आणि एका जिल्ह्याचे तीन जिल्हे होतात. २०११ च्या जनगणनेत आणि पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत जुनी नावं आहेत, त्यामुळे तुलना करताना आणखी गोंधळ. यादीतून निवडायला द्या, आणि जिल्हा निवडल्यावर त्याचेच तालुके दिसतील यासाठी पर्यायांच्या पानावर प्रत्येक तालुक्याशेजारी जिल्हा लिहा आणि गाळणी प्रश्नांच्या पानावर लावा. जातीच्या प्रश्नालाही हेच: प्रवर्ग निवडायचा, पोटजात खरोखर हवी असेल तरच टाइप करायची.

मत विचारणाऱ्या पाच पर्यायांच्या प्रश्नांसाठी वेबसाइटवर मॅट्रिक्सचा प्रकार दिसतो आणि संगणकावर तो देखणाही दिसतो. कोबोकलेक्टमध्ये त्याची दाणादाण उडते, तो वेब फॉर्मसाठीच आहे. रेटिंग हा प्रकार वापरा. त्याहून मोठी अडचण शब्दांची. 'तटस्थ' हा शब्द वस्तीत कुणी वापरत नाही. मुलाखतकार मग 'सांगता येत नाही' असं वाचतो. पण मत मधलं असणं आणि मतच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही पर्याय ठेवा आणि दुसऱ्याला गुण देऊ नका.

प्रश्नाखाली हिंट लिहायची जागा असते, तिचा मुलाखतकारासाठी उपयोग करा. 'श्वेतप्रदर' असं लेबल असेल तर हिंटमध्ये 'अंगावरून पांढरं जाणं'. 'गेल्या दोन आठवड्यांत' असं विचारायचं असेल तर आठवडी बाजाराच्या गावात 'दोन बाजारांमागे म्हणाल तेव्हापासून'. प्रत्येक मुलाखतकाराने आपापल्या मनाने सोपं करून सांगितलं की चार मुलाखतकारांचे चार वेगळे प्रश्न होतात.

अटी लावताना

आरोग्याच्या मोजमापांत कोबोचा खरा फायदा दिसतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर सॅम (अतितीव्र कुपोषण), ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मॅम (मध्यम कुपोषण). पट्टीवर मिलिमीटरही असतात, आणि कुणीतरी ११.५ च्या जागी ११५ लिहितंच. अट लावा की मूल्य ७ ते २५ मध्येच हवं; १५ वर्षांचा अनुभव असलेल्या अंगणवाडी सेविकेकडूनही निसटणारी चूक फोन तिथल्या तिथे पकडतो. रक्तदाबाला वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा हवा ही अट. पाळी आणि गरोदरपणाचे प्रश्न १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांनाच दिसावेत ही गाळणी. रक्तक्षय ठरवायला गरोदर असेल तर हिमोग्लोबिनची सीमा ११, नसेल तर १२. हे वर्गीकरणही गणनेच्या प्रश्नात बसवता येतं. पण ते ठेवलं तरी मूळ आकडा टाकायला सांगाच. नुसता 'रक्तक्षय आहे' असा वर्ग गोळा केला तर सरासरी कधीच काढता येणार नाही.

अट लावताना हात आखडता घ्या. अशक्य असेल ते अडवा, दुर्मीळ असेल ते अडवू नका. वय ६० च्या आत हवं अशी अट लावली आणि समोर ६३ वर्षांच्या आजी निघाल्या, तर मुलाखतकार मुलाखत सोडत नाही, ६० लिहितो. दुर्मीळ मूल्यासाठी वेगळी सूचना ठेवा: 'पुन्हा मोजलं का?', होय किंवा नाही.

सक्तीच्या खुणेचंही तसंच. सगळेच प्रश्न सक्तीचे करण्याचा मोह होतो, म्हणजे रिकामी घरं राहणार नाहीत. घरं भरतात, पण पहिल्या पर्यायाने. प्रत्येक सक्तीच्या प्रश्नाला 'माहीत नाही' आणि 'उत्तर दिलं नाही' हे दोन पर्याय हवेत. पर्यायांच्या प्रश्नात त्यांना ९८ आणि ९९ देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती चालते. आकड्याच्या प्रश्नात ती चालत नाही. वयाच्या रकान्यात ९९ हे खरं वय असू शकतं, आणि उत्पन्नाच्या रकान्यातला ९९ सरासरीत मिसळून जातो. तिथे ऋण आकडा द्या आणि विश्लेषणाच्या वेळी तो रिक्त मूल्य म्हणून नोंदवा.

उत्पन्नावर जरा थांबलं पाहिजे, कारण सामाजिक-आर्थिक स्तर त्यावरच उभा असतो. शहरात कुप्पुस्वामी मापनी, जिचे गुण ३ ते २९ असतात. ग्रामीण भागात बी. जी. प्रसाद यांचं दरडोई मासिक उत्पन्नाचं वर्गीकरण. दोन्हींतल्या उत्पन्नाच्या सीमा महागाई निर्देशांकाप्रमाणे अद्ययावत कराव्या लागतात. मागच्या बॅचच्या ब्लॅकबुकातून उचललेल्या चालत नाहीत. म्हणून फॉर्ममध्ये 'पाच हजारांपर्यंत, पाच ते दहा' असे गट देऊ नका, सरळ आकडा घ्या. गट नंतर पाडता येतात, गटांतून आकडा काढता येत नाही. आणि 'महिन्याचं उत्पन्न किती?' हा प्रश्न बीडच्या ऊसतोड कुटुंबाला विचारून काय मिळणार? त्यांच्याकडे हंगामाची उचल असते, ती नवरा-बायकोच्या कोयत्यावर एकत्र घेतलेली असते, आणि पुढची काही वर्षं ती फेडण्यातही जाऊ शकतात. तिथे उचल किती, हंगाम किती महिन्यांचा, घरून आणखी काय येतं, असे तीन प्रश्न लागतात; गणना फोन करेल. ओघाने आलं म्हणून: अशा गावांत दिवाळीनंतर घरोघर नमुना काढायला गेलात तर भेटतात ती म्हातारी माणसं आणि मुलं. शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात फिल्ड नेमकं तेव्हाच येतं.

पाणी, शौचालय, इंधन यांचे प्रश्न स्वतः घडवू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या उघड उपलब्ध आहेत; देवनारच्या आयआयपीएसने (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने) त्या आखल्या आहेत. तेच शब्द आणि तेच पर्याय घेतले तर तुमच्या वस्तीची टक्केवारी राज्याच्या आकड्याशेजारी ठेवता येते. त्या सर्वेक्षणानेही २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत कागद सोडून मुलाखती संगणकावर घेतल्या, हे कोबोबद्दल साशंक असलेल्या गाईडना सांगायला बरं पडतं.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरणार असाल तर तिचा अधिकृत मराठी अनुवाद मोफत मिळतो. आपला नवा करू नका. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. बेरीज फोनवर करता येते, पण ती पडद्यावर दाखवू नका, कारण समोरची व्यक्तीही बघत असते. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं की मुलाखतकाराला पुढची पावलं सांगणारी टीप लगेच दिसली पाहिजे: एकटं सोडायचं नाही, गाईडला फोन, जवळच्या आरोग्य केंद्रातलं आधी ठरवून ठेवलेलं नाव, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. ही टीप नसलेला फॉर्म एथिक्स कमिटीने परत पाठवावा असाच आहे.

संमती, नाव आणि जागा

पहिला प्रश्न संमतीचा, आणि 'नाही' आलं की फॉर्म तिथे संपायला हवा. पण ती नोंद पाठवाच. किती जणांनी नकार दिला हे अहवालात लिहावं लागतं, आणि नकार कागदावर न मोजण्याची जुनी सवय इथे सहज मोडता येते. अंगठ्याचा ठसा आणि साक्षीदाराची सही असलेली संमती अजून कागदावरच घ्या. १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि समज आलेल्या मुलाची स्वतःची तयारीही.

नाव आणि फोन नंबर फॉर्ममध्ये घेऊ नका. फॉर्मवर फक्त क्रमांक; नाव कुठल्या क्रमांकाचं ते कुलपातल्या वहीत. जीपीएसचा प्रश्न एका टिचकीत लावता येतो म्हणून लावला जातो, पण एचआयव्ही किंवा घरातल्या हिंसाचारावरच्या अभ्यासात तो उत्तरदात्याच्या दाराचा पत्ताच आहे. गरज नसेल तर काढा. अशा विषयांत एका घरातून एकाच स्त्रीची मुलाखत घ्यायची, हा नियमही फॉर्म पाळून देत नाही.

प्रोजेक्ट मुलाखतकारांना देताना मुख्य खात्याचा पासवर्ड ग्रुपवर टाकायची पद्धत बंद करा. प्रत्येकाचं वेगळं खातं काढा आणि त्याला फक्त नोंद भरण्याचा हक्क द्या. तसं केलं तरच कुठली मुलाखत कुणाची ते कळतं. लॉगिनशिवाय नोंदी स्वीकारण्याचा जो पर्याय आहे तो बंद आहे ना, हे बघून घ्या.

फिल्डवर

फॉर्ममध्ये सुधारणा केली की तो पुन्हा प्रकाशित करावा लागतो, आणि प्रत्येक फोनवर नव्याने उतरवावाही लागतो. दुसरी पायरी विसरली जाते आणि दोन फोन जुनी आवृत्ती भरत राहतात.

मुलाखत 'जतन' होणं, 'पूर्ण' होणं आणि 'पाठवली' जाणं या तीन वेगळ्या अवस्था आहेत. रेंज आली की पाठवण्याच्या यादीत काही उरलंय का ते रोज संध्याकाळी बघा. न पाठवलेल्या मुलाखती फक्त त्या फोनमध्ये असतात. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं किंवा सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा साफ केला की त्या गेल्या. सर्व्हरवर कधी पोचल्याच नाहीत त्या तिथून परत कशा मिळणार?

सुरुवात आणि शेवटाची वेळ आपोआप नोंदवणारे रकाने फॉर्ममध्ये चालू ठेवा. चाळीस मिनिटांची मुलाखत सहा मिनिटांत झालेली दिसली तर त्या मुलाखतकाराशी बोला. उलट वीस तास दिसले तर घाबरू नका: मसुदा उघडा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण केला एवढाच त्याचा अर्थ असतो. रोज रात्री तक्ता उघडून दहा मिनिटं नजर टाकणं, ही कागदावर अशक्य असलेली गोष्ट आहे आणि कोबो वापरण्याचं सर्वांत मोठं कारणही तेच आहे. चूक तिसऱ्या दिवशी सापडते, तिसऱ्या महिन्यात नाही.

एक तक्रार मात्र राहतेच. समाजकार्याचं शिक्षण डोळ्यांत बघून ऐकायला शिकवतं आणि कोबो पडद्याकडे बघायला लावतं. एका पडद्यावर एक प्रश्न येत असल्याने बोट सतत सरकत राहतं. संबंधित चार-पाच प्रश्नांचा गट करून तो एकाच पडद्यावर दिसेल अशी सोय आहे; ती वापरली की मान वर करायला थोडी फुरसत मिळते. सखोल मुलाखती आणि गटचर्चांसाठी मात्र हे साधनच नव्हे. तिथे रेकॉर्डर, वही आणि नंतर शब्दशः लेखन.

माहिती उतरवताना

एक्सेल फाइल घ्या. सीएसव्हीत रकाने अर्धविरामांनी तोडलेले असतात, एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठीची वाट लागते, आणि कुटुंबातल्या सदस्यांसारखे पुनरावृत्त गट त्यात येतच नाहीत. उतरवताना लेबलऐवजी आतली मूल्यं निवडा. विश्लेषणाला १ आणि २ हवेत, 'होय, कधी कधी' नको. लेबलवाली प्रत वाचण्यासाठी वेगळी ठेवा.

पुनरावृत्त गट दुसऱ्या पानावर येतो आणि क्रमांकाने पहिल्या पानाशी जोडलेला असतो. इथे छेद चुकतो. २३५ कुटुंबांच्या अभ्यासात दुसऱ्या पानावर हजाराच्या वर ओळी असू शकतात. 'शौचालय आहे' याची टक्केवारी तिथून काढली तर मोठ्या कुटुंबांची मतं जास्त वेळा मोजली जातात.

एकाहून अधिक उत्तरं घेणाऱ्या प्रश्नांवर सर्वांत जास्त ब्लॅकबुकं घसरतात. 'उपचारासाठी कुठे जाता?' याला सरकारी दवाखाना, खासगी डॉक्टर, मेडिकल आणि भगत असे पर्याय असतील, तर एका रकान्यात '१ ३ ४' असं येतं. त्यावर थेट काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी चालवली तर संगणक '१ ३' आणि '१ ३ ४' यांना दोन वेगळे गट मानून बारा-पंधरा खाती पाडतो, निम्म्यांत अपेक्षित वारंवारता पाचच्या खाली, आणि निष्कर्ष निरर्थक. उतरवताना 'स्वतंत्र रकाने' निवडा. प्रत्येक पर्यायाचा ०-१ रकाना मिळतो आणि चाचणी एकेका पर्यायावर वेगळी करायची. टक्केवारींची बेरीज शंभराच्या वर जाणार, ते तक्त्याखाली लिहायचं. 'यापैकी काही नाही' याबरोबर दुसरा पर्याय निवडताच येणार नाही, अशी अट आधीच लावून ठेवायची.

कोबोच्या रिपोर्ट टॅबमधले आलेख गाईडला प्रगती दाखवण्यापुरते. चाचण्यांसाठी एक्सेल फाइल जामोवी या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तेही मोफत आहे, आणि डिझर्टेशनला लागणाऱ्या काय-वर्ग, फिशर, टी-चाचणी, क्रॉनबॅक अल्फा या सगळ्या त्यात आहेत.

नमुन्याचा आकारही कोबो सांगत नाही आणि तो फॉर्मच्या आधी ठरलेला हवा. प्रमाण ५० टक्के आणि ५ टक्के चूक धरली तर ९५ टक्के विश्वासपातळीचा १.९६ हा आकडा घेऊन ३८४ येतात. मेडिकल कॉलेजांतल्या '४ पी क्यू भागिले एल वर्ग' या सूत्रात १.९६ च्या जागी २ धरलेले असल्याने ४०० येतात. दोन्ही बरोबर, पण कुठलं वापरलं ते लिहा. वस्तीत एकूण ६०० च घरं असतील तर मर्यादित समष्टीची दुरुस्ती लावून ३८४ चे २३५ होतात. १० टक्के नकार धरून २६१ घरं निवडायची. एका मुलाखतीला चाळीस मिनिटं धरली तर फिरण्यासकट दिवसाला सहाच होतात. दोघांनी केल्या तरी तीन आठवड्यांच्या वर.

मेडिकल कॉलेजकडे रेडकॅप हे संशोधनाच्या नोंदी ठेवण्याचं साधन असेल आणि रुग्णांचा पाठपुरावा अनेक भेटींत घ्यायचा असेल तर ते घ्या. एकाच माणसाच्या पुन्हापुन्हाच्या नोंदी जोडणं कोबोत किचकट आहे. नमुना तीस-चाळीसचा आणि प्रश्न बहुतेक खुले असतील तर कागदच सोपा. बाकी सगळ्यांनी कोबो घ्यावं.

व्हायवा झाल्यावर प्रोजेक्टच्या यादीत दोन बटणं दिसतील. संग्रहित केलं तर नव्या नोंदी थांबतात आणि जुन्या राहतात. डिलीट केलं तर फॉर्मबरोबर सगळ्या मुलाखतीही जातात आणि परत येत नाहीत. त्याआधी मूल्यांची प्रत, लेबलांची प्रत आणि एक्सेलमधला फॉर्म, अशा तीन फाइली पासवर्ड लावून गाईडकडे जमा करा. नावांची वही संमतीपत्रात लिहिलेल्या मुदतीला फाडायची आहे, ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.